सप्टेंबरात संघ कोसळला की

आधी काही दिवस गुणतक्ता उघडूच नकोस. बेसबॉलमधल्या आम्हा बोस्टन रेड सॉक्सवाल्यांना २०११ अजून सलतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) जागेसाठी टँपा बे संघापेक्षा ९ सामन्यांनी पुढे होतो, आणि त्या महिन्यात २७ पैकी २० हरलो! २८ तारखेला बाल्टिमोरमध्ये नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला त्यांचे दोघे बाद असताना (तिसरा बाद झाला की संपलं) जिंकत आलेला सामना गेला. काही मिनिटांतच तिकडे टँपा बेच्या लाँगोरियाने सामना जिंकणारा होमरन मारून आमचा हंगाम संपवला.

त्या इनिंगला चेंडू टाकणाऱ्या आमच्या पॅपलबॉनला शिव्या घालणं सोपं होतं. पण सामन्याची सुरुवात करणारे पिचर (चेंडू टाकणारे) महिनाभर मार खात होते, त्याचं काय? तेव्हा एकाच खेळाडूवर राग काढू नकोस.

प्लेऑफ मात्र बघ, मन लागेल तेवढे. पुढच्याच वर्षी भरपाईची आशा धरू नकोस: २०१२ला आम्ही ९३ सामने हरलो, वर्ल्ड सिरीज २०१३ला जिंकली.