लोककलावंतांच्या संस्थेतील नोकरी: मुलीला जाऊ द्यावे का?

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात चुलत्यांपर्यंत हलगी वाजवली जायची. शाहीर, गोंधळी आणि धनगरी ढोलवादक यांना एकत्र आणून कार्यक्रम बसवणाऱ्या एका सामाजिक संस्थेत ती सुटीच्या दिवशी मदत करते. त्यांनी आता तिला समन्वयक म्हणून पगारी काम देऊ केले आहे. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असे मला वाटते. अशा कामात भविष्य आहे का? (एक पालक, कागल)

उत्तर: सप्रेम नमस्कार. माझे मत आधीच सांगतो. संस्थेचे कागद आणि नेमणुकीचे पत्र नीट पाहून मुलीला एक वर्ष हे काम करू द्यावे. बँकांच्या लिपिक पदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा 28 आणि अधिकारी पदासाठी 30 वर्षे असते, त्यामुळे या एका वर्षाने तो रस्ता बंद होत नाही.

समन्वयक म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी धावपळ करणारी व्यक्ती, अशी आपली समजूत असू शकते. प्रत्यक्षात हे काम फार आधी सुरू होते. पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडते आणि ती आगीवर शेकल्याशिवाय बोलत नाही, हे आपल्या घरात सांगायला नको. पण श्रावणात तालमीसाठी सभागृह घेताना तेथे जाळ करू देतील का, हे आधी विचारावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या दरम्यान, ढोलवादक मोकळे नसतात, पुढे मेंढरे घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे पावसाच्या तोंडाशीच परततात, आणि गोंधळी मंडळी लग्नसराईत मिळत नाहीत. या सर्वांच्या सवडीचे चार दिवस शोधायचे, धनगरी ढोलाखाली शाहिराचे तुणतुणे बुडणार नाही अशी बैठक ठरवायची, आणि फलकावर कोणाचे नाव आधी यावे यावरचा रुसवा काढायचा, हे सगळे तिच्याच वाट्याला येईल.

माझ्या पाहण्यात असे एकत्र प्रयोग सुरातालावरून क्वचितच मोडतात. ते मानधनावरून मोडतात. तालमीच्या दिवसांचा बुडालेला रोजगार कोण भरणार, बिदागी पथकप्रमुखाच्या हाती द्यायची की प्रत्येकाच्या खात्यावर, आणि चित्रीकरण पुढे कोणी वापरले तर त्यातील वाटा कोणाचा, हे तालमीआधी लिहून ठेवलेले असावे. पारंपरिक ओवी कोणा एकाच्या मालकीची नसली तरी ती गाणाऱ्याचे सादरीकरण त्याचे असते, आणि कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 38 सादरकर्त्याला 50 वर्षांपर्यंत हक्क देते. हे समजणारी आणि हिशेब चोख ठेवणारी वाणिज्य पदवीधर अशा संस्थांना सहसा मिळत नाही. आपण ज्या बी.कॉम.कडे बँकेची पायरी म्हणून पाहता, तीच येथे तिची जमेची बाजू ठरेल.

अशा कामाला दीर्घ आयुष्य असू शकते. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी 1960 मध्ये राजस्थानातील बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापन केले. लंगा आणि मांगणियार गायक-वादकांची कला तेथे ध्वनिमुद्रित झाली, आणि पुढे हे कलावंत परदेशातील रंगमंचापर्यंत पोहोचले. प्रत्येक संस्थेचे असे होत नाही, हेही खरे.

धोका आहे तो पैशाच्या बाजूने. बहुतेक संस्थांमध्ये पगार प्रकल्पाच्या निधीतून निघतो आणि प्रकल्प संपला की पगारही थांबतो. म्हणून मुलीने संस्थेकडे संकोच न करता चौकशी करावी: धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, आयकर खात्याची 12ए आणि 80जी या नावांनी ओळखली जाणारी मान्यता (पहिलीने संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी, दुसरीने देणगीदाराला करसवलत मिळते), मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि तिचा पगार नेमका कोणत्या निधीतून व किती महिन्यांसाठी मंजूर आहे. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्या यादीत पारंपरिक कलांचा समावेश आहे. संस्थेने अशा कंपन्यांकडे कधी प्रस्ताव दिला आहे का, हेही विचारावे. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेथे सुटीच्या दिवशीची मदतही थांबवावी.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. महागड्या ‘इव्हेंट मॅनेजमेंट’च्या अभ्यासक्रमावर खर्च करू नये, तेथे जे शिकवतात त्यातील बरेचसे ती आताच करते आहे. वर्षानंतर तिची ओढ टिकली, तर कोल्हापुरातच सायबर (CSIBER) या शिक्षणसंस्थेत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करता येईल, किंवा मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीचा विचार करता येईल. नागपूर आणि उदयपूर येथील क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या कक्षेत महाराष्ट्र येतो. त्यांचे कार्यक्रम आणि जाहिराती तिने आतापासून पाहत राहाव्यात.

बँकेच्या परीक्षेचा अभ्यास तिने सोबत चालू ठेवावा, असे आपण सुचवू शकता. मात्र निर्णय तिच्यावर सोडावा. आणि ‘तालमी रात्री किती वाजता संपतात व परतीची सोय काय’ हा प्रश्न आपण पत्रात लिहिला नसला तरी आपल्या मनात असणार. तो संस्थेला आपणच विचारावा आणि उत्तर नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावे.