वाचकांचे प्रश्न: वर्षभराची इंटर्नशिप आणि काम काय, तर मिनिट्स लिहिणं!

प्रश्न: ताई, आमच्या डिग्रीत मधलं एक अख्खं वर्ष इंडस्ट्रीत काढायचं असतं. मला प्रॉपर्टी डेव्हलपमेंट कंपनीत जागा मिळाली, सगळे म्हणाले नशीबवान आहेस. पण तीन महिने झाले आणि मी करतेय काय, तर मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद, लिहिते, कोणीतरी सांगितलेले आकडे एक्सेलमधे भरते आणि ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या रिव्हिजन फोल्डरला लावते. बॅचमधले बाकीचे कॉन्ट्रॅक्टरकडे आहेत, ते हेल्मेट घालून साइटवरचे फोटो टाकतात. मीपण हे सोडून साइटवरचं काम शोधू का? वर्ष फुकट जाईल अशी भीती वाटतेय.

उत्तर: सोडू नकोस गं, निदान इतक्यात तरी नको. फोटो छान येतात हे मान्य, पण कॉन्ट्रॅक्टर ठरलेली बिल्डिंग ठरलेल्या पैशात बांधून देतो, आणि ती बांधायची का, केवढी, कोणासाठी आणि जमिनीला किती मोजायचे हे डेव्हलपर ठरवतो. काँक्रीट पडायच्या कितीतरी आधी बराचसा नफातोटा ठरून गेलेला असतो आणि तो ठरतो तू आकडे भरतेस त्याच एक्सेलमधे. तू भरतेस, पण वाचत नाहीयेस असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय.

त्या शीटचा सांगाडा कुठेही गेलीस तरी साधारण हाच. सगळं विकून जे येणार ते १०० धर. त्यातून बांधकाम ५०, आर्किटेक्ट-इंजिनिअर वगैरेंची फी ६, विक्रीचा खर्च ४, व्याज ७, आणि डेव्हलपरचा नफा १८, एवढं सगळं काढून टाक. उरले १५, तेवढेच जमिनीला द्यायला परवडतात. याला रेसिड्युअल मेथड म्हणतात, कॉलेजात शिकवली असेलच, पण हे आकडे हलवून बघितलेस का कधी? विक्रीची किंमत फक्त ५ टक्के पडली, बांधकाम, फी, व्याज तसंच ठेवलं आणि नफा-विक्रीखर्च त्याच टक्क्यात धरला तरी जमिनीला १५ च्या जागी ११ च उरतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. बांधकाम १० टक्क्यांनी महागलं आणि फी त्याच प्रमाणात वाढली तर उरतात ९.४. आणि जमीन आधीच १५ ला घेऊन बसलेली असते, त्यामुळे हा सगळा फरक डेव्हलपरच्याच नफ्यातून जातो!

आता तुझे मिनिट्स घे. समज एखाद्या मीटिंगमधे आर्किटेक्ट म्हणाला की जिन्याची जागा बदलावी लागेल, कॉरिडॉर जरा रुंद होईल, आणि तू ते एका ओळीत लिहून मोकळी झालीस. पण एकूण बांधलेल्या एरियातला विकता येणारा एरिया त्यामुळे ८५ टक्क्यांवरून ८० वर आला तर विकायचा माल जवळजवळ ६ टक्क्यांनी घटतो आणि बांधकामाचा खर्च मात्र आहे तेवढाच राहतो. वरच्याच शीटमधे घालून बघ, १५ चे साडेदहाच्या आसपास येतात. हे त्या मीटिंगमधे कोणी मोठ्याने बोलत नाही, सगळ्यांनी मनातल्या मनात हिशोब केलेला असतो, म्हणून तुला तिथे कंटाळा येतो. यापुढे मिनिट्समधली प्रत्येक ओळ शीटमधल्या कुठल्या सेलला जाऊन लागते ते शोध, फायर इंजिनिअर काय म्हणाला, माती परीक्षणाचा रिपोर्ट उशिरा येणार, शेजारच्याचा वाटेचा हक्क निघाला, सगळंच कुठेतरी लागतं. रिव्हिजनचंही तसंच, मागच्या ड्रॉइंगमधे आणि या ड्रॉइंगमधे काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे फोल्डर लावणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळतं.

वेळेकडे विशेष लक्ष दे. जमिनीचे पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात त्यामुळे त्यांच्यावर शेवटपर्यंत व्याज चालू, बांधकामाचे मात्र हळूहळू जातात, म्हणून कच्च्या हिशोबात बांधकामाच्या साधारण निम्म्याच रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज धरतात. परवानगी सहा महिने लांबली की साइटवर एक वीटही न लावता खर्च वाढत असतो. आणि तो १८ चा नफा खर्चावर मोजलास, म्हणजे ८२ वर १८, तर २२ टक्के दिसतो, पण दोन वर्षांतले २२ आणि पाच वर्षांतले २२ यात किती फरक आहे ते आयआरआर (पैसे कधी गेले, कधी आले हे धरून काढलेला वर्षाचा परतावा) काढल्याशिवाय दिसत नाही. मुलाखतीत इथेच पोरं अडकतात बरं का.

बॉसकडे सरळ जा आणि दोन गोष्टी माग. एक, सोडून दिलेल्या एखाद्या जागेची फाइल, कारण चालू प्रोजेक्टपेक्षा "ही जमीन का नाही घेतली" यातून जास्त कळतं आणि ते सांगायला माणसंही मोकळी असतात. दुसरं, एखाद्या छोट्या जागेची फीझिबिलिटी, म्हणजे तिथला प्रोजेक्ट परवडेल का याचा हिशोब, कोऱ्या शीटवर स्वतः करायची परवानगी, म्हणावं नंतर तुमच्या शीटशी ताडून बघू. साइटवर जायचंय तर तेही माग, महिन्यातून एकदा क्वांटिटी सर्व्हेअरबरोबर (झालेल्या कामाची मापं आणि खर्च मोजणारा) बिल तपासायला जा, नुसतं फिरायला जाण्यापेक्षा ते बरं. आणि रोजचं थोडं लिहून ठेव. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सची (ही संस्था १८६८ सालची) चार्टर्ड मेंबरशिप घ्यावीशी वाटली तर त्यांच्या नेहमीच्या असेसमेंटमधे स्वतः काम केलेल्या प्रोजेक्टवर ३,००० शब्दांपर्यंतची केस स्टडी द्यावी लागते, आणि त्यात "मी काय ठरवलं, का ठरवलं" हे विचारतात, "आम्ही बांधलं" चालत नाही.

एवढं मागूनही महिना-दीड महिना झेरॉक्सच काढायला लावली तर कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला लेखी कळव आणि मग खुशाल बदल.

तुझ्या पत्राच्या खाली आणखी एक बारीक प्रश्न होता, की कंपनीच्या शीटचा स्क्रीनशॉट प्रोजेक्ट रिपोर्टमधे टाकला तर चालेल का. नाही चालणार, इंटर्नलाही गोपनीयतेचा करार असतो, जॉइनिंगच्या कागदांमधे बहुतेक सही करून बसली असशील, एकदा काढून वाच. जमिनीचा भाव आणि समोरच्या पार्टीचं नाव तर मैत्रिणींच्या ग्रुपवरसुद्धा नको. मी वर केलंय तसं सगळं १०० च्या प्रमाणात बदलून घे, जागेची ओळख पटेल असं काही ठेवू नकोस, आणि सबमिट करायच्या आधी तो ड्राफ्ट बॉसला मेल करून होकार लेखी घे.