कॉफी सोडायला गेलो की दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ येते आणि मी हार मानतो. माझ्यात निग्रहच नाही का?

निग्रहाचा विषय आधी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की दिवसाला पाच-सहा कप होतात, मनाशी ठरवून एकदम बंद करता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं एवढं ठणकतं की काम सुचत नाही, आणि मग एक कप घेतला की थोड्याच वेळात सगळं शांत होतं. यावरून तुमच्या स्वभावाबद्दल काहीच ठरत नाही. शरीर कॅफीनला सरावलंय आणि ते अचानक मिळेनासं झाल्यावर कुरकुर करतंय, एवढंच यातून कळतं. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या जणू राखीव खुर्चीवर, जाऊन बसलं की सुस्ती येते, झोप येते. कॅफीनची रचना त्याच्याशी मिळतीजुळती, त्यामुळे ते आधीच जाऊन ती खुर्ची अडवतं. थकवा असतोच, फक्त तो जाणवत नाही. रोज असं होत राहिलं की मेंदू या खुर्च्याच वाढवतो. आता कॉफी बंद केली की त्या वाढलेल्या सगळ्या खुर्च्या अ‍ॅडेनोसिनला मोकळ्या मिळतात. शिवाय अ‍ॅडेनोसिनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि डोक्यातला तो ठणका मुख्यतः तिथून येतो.

याचं वेळापत्रकही बऱ्यापैकी ठरलेलं आहे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, साधारण २० ते ५१ तासांच्या दरम्यान तो सगळ्यात जास्त असतो, आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. म्हणजे तुम्ही दर वेळी नेमके सगळ्यात वाईट टप्प्यावर थांबता. तिथून पुढे उतारच होता. डोकेदुखीबरोबर चिडचिड, उदास वाटणं, लक्ष न लागणं, मळमळ, ताप आल्यासारखं अंग दुखणं हेही त्यातलंच. हा मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानसंहितेत कॅफीन विथड्रॉवलची, म्हणजे कॅफीन बंद केल्यावर होणाऱ्या या त्रासाची, रीतसर नोंद आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सकाळच्या पहिल्या कपाने जी तरतरी येते, तिच्यातला बराचसा भाग रात्रभरात सुरू झालेलं विथड्रॉवल मिटण्याचा असतो. ‘कॉफीशिवाय माझं डोकंच चालत नाही’ असं वाटतं ते यामुळे. हे नीट कळलं की त्या तलफेचं दडपण बरंच कमी होतं.

आता करायचं काय? एकदम सोडू नका, उतरवत जा. आधी दिवसभरात किती कॅफीन पोटात जातं ते लिहून काढा. मोठा कप फिल्टर कॉफी म्हणजे ९५ मिलिग्रॅमच्या आसपास, इन्स्टंट ६० च्या आसपास, चहा ४० ते ५०, एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिलिटरचा कॅन ८०. कोलाही धरा. मग दर चार-पाच दिवसांनी एकूण आकड्याचा साधारण चौथा हिस्सा कमी करा. मध्येच डोकं जड झालं तर त्याच पायरीवर आणखी काही दिवस राहा, पण परत वर जाऊ नका. तीन-चार आठवडे लागतील, लागू द्या.

कमी करायला सुरुवात दिवसाच्या शेवटच्या कपापासून करा. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. काहींना याहून खूप जास्त. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅममुळेही झोप तासाभराहून जास्त कमी झाल्याचं एका प्रयोगात दिसलंय. झोप कमी झाली की सकाळी कॉफी जास्त लागते, ती जास्त झाली की पुन्हा झोप कमी. संध्याकाळचा कप गेला की हे चक्र तुटतं आणि पुढच्या पायऱ्या खरंच सोप्या होतात.

शेवटचा एक कप उरला की बहुतेकांना वाटतं, आता सहज सुटेल. तिथे सांभाळा. रोज फक्त १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही बंद केल्यावर त्रास होऊ शकतो. तो कपसुद्धा अर्धा करा, मग पाव. मी साधी आणि डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली, पावडर मिसळून हे केलं आणि डिकॅफचं प्रमाण वाढवत नेलं. कप हातात घेणं, तो वास, कामातून उठायचं निमित्त, हे सगळं तसंच राहिलं आणि त्याचा मला फार आधार झाला. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की आपण डिकॅफ पितोय हे माहीत असणाऱ्यांचाही विथड्रॉवलचा त्रास तात्पुरता कमी होतो. डिकॅफमध्ये कपाला काही मिलिग्रॅम कॅफीन असतंच, पण या कामासाठी ते नगण्य आहे.

डोकेदुखीची गोळी घेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. अशा बऱ्याच गोळ्यांत कॅफीन असतं. मग तुम्ही कॉफी सोडता आणि तेच गोळीतून घेत राहता. सिगारेट ओढत असाल तर दोन्ही एकाच वेळी सोडू नका. धूम्रपानामुळे यकृत कॅफीनचा निचरा लवकर करतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच कॉफीने हात थरथरायला लागतात.

पूर्ण सोडायचीच आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत धोका नाही. गरोदरपणात ही मर्यादा २०० आहे. तुमची तक्रार झोपेची असेल तर सकाळच्या एका कपावर स्थिरावलात तरी माझ्या मते पुरेसं आहे. मात्र छातीत धडधड होत असेल तर उतरवण्याचं वेळापत्रक आखण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि कॅफीन पूर्ण थांबवल्यावर दोन आठवडे उलटूनही डोकं दुखतच राहिलं, तर ते कॉफीच्या खात्यावर टाकू नका, तपासून घ्या.