कोंदोरकांकी आडनाव कुठून आलं?

प्रश्न: माझ्यासोबत काम करणाऱ्या एका पेरूच्या मुलीचं आडनाव कोंदोरकांकी आहे. ती म्हणते आमच्याकडेपण हे फार ऐकू येत नाही. नक्की काय आहे हे?

उत्तर: अहो, फार मोठं आडनाव आहे हे! इंकांच्या क्वेचुआ भाषेतलं आहे, कुंतुर म्हणजे कोंडोर, तो अँडीजमधला अवाढव्य गिधाड, आणि कांकी म्हणजे 'तू आहेस', म्हणून साधारणपणे अर्थ सांगतात 'तू कोंडोर आहेस'. मूळ पेरूतल्या कुस्को शहराच्या दक्षिणेला, आजच्या कानास प्रांतात. तिथे कुंतुरकांकी नावाचा जिल्हाच आहे. सुरिमानाच्या दिएगो फेलिपे कोंदोरकांकी या कुराकाने, म्हणजे गावप्रमुखाने, 1572 मध्ये स्पॅनिशांनी मारलेल्या तुपाक अमारू या शेवटच्या इंका राजाच्या मुलीशी, हुआना पिल्कोवाकोशी लग्न केलं, आणि त्याच वंशातला होसे गाब्रिएल कोंदोरकांकी, ज्याने 1780 मध्ये दुसरा तुपाक अमारू म्हणून स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला. 18 मे 1781 ला कुस्कोच्या चौकात आधी त्याच्या डोळ्यांसमोर त्याची बायको मिकाएला बास्तिदास हिला मारलं, मग त्याला. वाचताना अजूनही गलबलून येतं. पुढे नातेवाईकांनाही शोधून शोधून संपवलं किंवा हद्दपार केलं, सावत्र भाऊ हुआन बाउतिस्ता तर जवळजवळ चाळीस वर्षं कैदेत होता.

प्रसाराचं म्हणाल तर क्विस्पे, मामानी ही आडनावं पेरूत जागोजागी भेटतील, कोंदोरकांकी क्वचित. आणि हो, उत्तरेला आमासोनास विभागात कोंदोरकांकी नावाचा प्रांत आहे, पण तो होसे गाब्रिएलच्या सन्मानार्थ, आडनाव तिथलं नाही. तुमच्या मैत्रिणीला तिच्या आजी-आजोबांचं गाव जरूर विचारा.