कॅलिफोर्नियातलं सनीवेल हे फळबागांचं गाव टेक हब कसं बनलं?

बहुतेक जण उत्तराची सुरुवात चिप कंपन्यांपासून करतात. माझ्या मते खरं वळण त्याआधीच आलं होतं.

१८६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे रेल्वे झाली आणि गव्हाच्या शेतांच्या जागी हळूहळू जर्दाळू, प्रून (एक प्रकारचा आलुबुखार) आणि चेरीच्या बागा आल्या. फळं डबाबंद करणारे कारखानेही आले. १९१२ मध्ये सनीवेलला शहराचा दर्जा मिळाला, पण पोट बागांवरच होतं.

मग महामंदीच्या काळात इथल्या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. वर्गणी काढून सुमारे १००० एकर जमीन घेतली आणि १९३१ मध्ये ती अमेरिकी नौदलाला फक्त १ डॉलरला दिली. हेतू एवढाच, की प्रचंड एअरशिपचा, म्हणजे वायूने भरलेल्या फुग्यासारख्या हवाई जहाजांचा, तळ आपल्याकडे यावा. तोच पुढे मॉफेट फील्ड झाला. एअरशिपचं युग लवकरच संपलं, पण तळ राहिला. १९३९ मध्ये शेजारी विमानविद्येचं एम्स संशोधन केंद्र उभं राहिलं आणि १९५६ मध्ये लॉकहीड या विमान कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग आला. त्याच्याबरोबर हजारो इंजिनिअर आले आणि बागा तोडून त्यांच्यासाठी घरं बांधली गेली. १९६९ मध्ये एएमडी ही चिप कंपनी सनीवेलमध्ये आली आणि १९७२ मध्ये अटारी ही व्हिडिओ गेम कंपनी इथेच सुरू झाली, तेव्हा कुशल माणसं हाताशी होतीच. स्टॅनफर्ड विद्यापीठ जवळ असणंही कामाला आलं.

त्यामुळे श्रेय वाटायचं झालं तर मी पहिला वाटा त्या वर्गणीदारांना देईन.