बारीक झाले की शिवीन

"मॅडम, हसू नका जी, पण कपाटात माझे बारा पीस पडून आहेत."

झोप, थायरॉईड, सासूबाईंचं पथ्य, धाकट्याचा अभ्यास असं सगळं माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पाऊण तास बोलून झाल्यावर, निघता निघता ती हे म्हणाली. खरी गोष्ट पुष्कळदा चप्पल घालतानाच तोंडातून निघते. मी तिला पुन्हा बसवलं.

वय 41. नागपुरातल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, दोन मुलं. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी तिला विचारलं आहे.) बारा पीस म्हणजे बारा कुर्त्यांचं न शिवलेलं कापड. बहिणीने गांधीबागेच्या बाजारातून घेतलेलं, आईने दिवाळीला दिलेलं, नवऱ्याने आणलेलं जांभळं महेश्वरी. सगळ्यात जुना पीस धाकट्याच्या बारशाचा. धाकटा आता सातवीत.

"बारीक झाले की शिवीन म्हणून ठेवलेत. आता शिवले तर शोभणार आहे थोडंच?"

तोवर अंगावर काय, तर दोन काळे आणि एक गडद निळा कुर्ता, तिन्ही रेडिमेड, डबल एक्सेल, बर्डीच्या बाजारातून घेतलेले. घरात फोटो निघायला लागला की मोबाइल हिच्याच हातात. दोन महिन्यांवर भाच्याचं लग्न आलं होतं आणि न जाण्यासाठी कारण शोधणं सुरू झालं होतं.

"मला काहीच शोभत नाही" हे वाक्य माझ्या खोलीत इतक्या जणींनी उच्चारलंय की ऐकल्यावर मी आधी खाण्याबद्दल विचारते. हिचं रात्रीचं जेवण चार महिन्यांपासून बंद होतं आणि वजनकाट्यावर दिवसातून दोनदा चढणं चालू होतं. तिला आधी फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉईडची गोळी कमी पडत होती, ती वाढली. जेवण परत सुरू करायला तीन आठवडे गेले. उपाशी राहणं, खाऊन ओकून टाकणं, आरशापुढे तास जाणं, अंगाच्या एकाच भागाचा ध्यास लागून घराबाहेर पडणं थांबणं, यातलं काही असेल तर तो शिंप्याचा विषय नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, आणि तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोला.

हिचं तेवढं टोकाला गेलेलं नव्हतं. मग उरले बारा पीस.

आमच्या चौकात एक शिलाईवाल्या काकू आहेत, तीस वर्षं मशीनवर बसलेल्या. तिची परवानगी घेऊन आम्ही एका दुपारी तिथे गेलो. समुपदेशकाने शिंप्याच्या दुकानात बसावं असं मला कुणी शिकवलेलं नाही, पण खोलीत बसून "स्वतःला स्वीकारा" म्हणण्यापेक्षा हे बरं वाटलं.

काकूंनी तिला तिचाच काळा कुर्ता घालायला लावला आणि टेप गळ्यात अडकवून नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "खांद्याची शिवण कुठी आली पाहा."

खांद्याच्या हाडावर असायला हवी ती शिवण दंडावर दोन बोटं उतरली होती. छातीवर घोळ, काखेत कापडाची पिशवी, खाली मात्र सीटवर, म्हणजे नितंबांवर, कुर्ता ताणलेला आणि साईडचे कट फाकलेले. काकूंनी माप घेतलं: छाती 37, कमर 34, सीट 44. खांदे अरुंद, खालचा भाग भरदार. नासपतीसारखा बांधा म्हणतात तो. ती दरवेळी सीटमध्ये बसेल असा कुर्ता घ्यायची. डबल एक्सेल बहुधा 44 छातीचा असतो. म्हणजे 37 च्या छातीवर तब्बल सात इंच ढिलाई, जिथे तीन पुरतात. वर तंबू, खाली तंग. आणि ती वर्षानुवर्षं हे सगळं आपल्या अंगाच्या खात्यावर मांडत आली होती.

"अंग बराबर आहे बाई," काकू म्हणाल्या. "कुर्ता दुसरीच्या अंगाचा आहे."

एवढ्या एका वाक्यासाठी मी तिला तिथे नेलं होतं हे मला तेव्हाच कळलं. मी तेच म्हटलं असतं तर तिने सांत्वन समजून सोडून दिलं असतं. टेप हातात असलेल्या बाईचं ऐकलं.

तरी पीस कापायला द्यायला ती तयार होईना. इथे मी चुकले होते. मला वाटत होतं हा सगळा स्वतःबद्दलच्या नावडीचा मामला आहे. कारण वेगळंच निघालं. तिचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेल्या त्या मिलमध्ये. घरात कापड वाया घालवणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं. आज मापाचं शिवलं आणि उद्या बारीक झाले तर कापड फुकट, हा तिचा हिशोब.

या हिशोबाला काकूंकडे सरळ उत्तर होतं. आत मार्जिन सोडायचं. साईडच्या शिवणीत नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त कापड ठेवलं, तर अंग भरल्यावर ती शिवण उसवून पुढचा-मागचा भाग आणि दोन्ही बाजू धरून चार अर्धे, म्हणजे दोन इंच मिळतात. बारीक झाली तर आत घ्यायचा, तेही एका संध्याकाळचं काम. उसवून न सुधारणारी गोष्ट एकच, खांदा तोकडा कापला गेला की संपलं. "म्हणून खांदा आजचाच धराचा," काकू म्हणाल्या. "खांदा काय बारीक होत नाही."

पहिला कापला मोहरीच्या रंगाचा कॉटन. आधी रात्रभर पाण्यात भिजवला, कारण कॉटन पहिल्या धुण्यात आटतं आणि मग दोष पुन्हा अंगावर येतो. गळा बोट नेक, आडवा पसरलेला, त्याने अरुंद खांदे रुंद दिसतात. छातीवर छोटं भरतकाम, म्हणजे नजर वर थांबते. कमरेपर्यंत अंगासरशी, तिथून दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे, घालून घेर सोडला. साईडचे कट सीटच्या सगळ्यात भरलेल्या जागेच्या वर सुरू केले, त्यामुळे बसताना ताण येत नाही. उंची गुडघ्याखाली, कारण कुर्ता जिथे संपतो तिथे नजर आडवी रेघ ओढते आणि ती रेघ सीटवर नको. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, मात्र काखेला लागून. मला वाटायचं मुंढा खोल असला की हात मोकळे राहतात. उलट आहे. मुंढा खोल गेला की हात वर करताना अख्खा कुर्ता वर ओढला जातो. बसमध्ये दांडी धरणाऱ्या बायकांना हे न सांगता कळेल.

पुढच्या खेपेला तिची नणंद सोबत आली. तिचा बांधा अगदी उलटा, पाय सडपातळ, छाती आणि पोट भरलेलं. हिला शोभलेला बोट नेक तिला अजिबात नको. तिच्यासाठी व्ही गळा, मध्यावरून खाली जाणारी बटणपट्टी, छातीखाली जोड आणि तिथून सरळ पडणारं कापड. पोटावर चुण्या नाहीत. पुढची उंची मागच्यापेक्षा इंचभर जास्त, नाहीतर छातीवर कापड उचललं जाऊन कुर्ता पुढून आखूड दिसतो. टक्सचं, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणीचं, टोक छातीच्या उंच बिंदूच्या इंचभर अलीकडे थांबवायचं, तिथपर्यंत नेलं की कापड टोपीसारखं उभं राहतं. खांदे रुंद आणि कमरेखाली सडपातळ असलेल्या बाईला फुग्याची बाही चुकूनही नको, घेर खाली द्यावा. खांदा, कमर, सीट एका रेषेत असेल तर कमरेत टक्स किंवा मागून नाडी. हे काकूंनी दोन मिनिटांत उरकलं, दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

बारापैकी एक आडव्या पट्ट्यांचा होता. "हा तर गेलाच," ती म्हणाली. मी तिला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो हे त्याने दाखवलं होतं, आणि बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या कपड्यांचा उल्लेखही 1867 मध्ये करून ठेवला होता. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांच्या चित्रांवर ते तपासलं. आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढून दिसली नाही. काकूंना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी पट्ट्यांचं कापड योकपुरतं, म्हणजे छातीच्या वरच्या भागापुरतं, वापरलं आणि खाली साधं लावलं. मी वाद घातला नाही.

मोहरी कुर्ता शिवून झाला, तरी आठवडाभर हँगरवरच. सगळं ऑफिस बघेल. तेव्हा मी तिला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग सांगितला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या ते लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव.

तसाच हिशोब तिने आपल्या ऑफिसात मांडायचा ठरलं. आदल्या रात्री कागदावर लिहिलं: बावीसपैकी पंधरा जण काहीतरी बोलतील, त्यातले दहा वाईट. संध्याकाळी फोन आला. तिघं बोलले. एकीने शिलाई किती विचारली, एकीने रंग छान आहे म्हटलं, आणि शिपाईदादा म्हणाले, "मॅडम, आज वाढदिवस काय?"

"आणि वाईट?"

"कोणीच नाही जी. मलाच कसंतरी वाटून राहिलं दिवसभर."

ते कसंतरी वाटणं एका दिवसात जात नाही. मी तिला तोच कुर्ता त्याच आठवड्यात पुन्हा घालायला सांगितलं, आणि त्या दिवशी कागदावर काही लिहायचं नाही असंही.

लग्नाला ती गेली. मामेसासूबाईंनी "तब्येत सुधारली गं" म्हटलंच, लग्नात म्हणतातच. तिने मला सांगितलं की ती आत जाऊन पाच मिनिटं बसली, मग बाहेर येऊन पंगतीत वाढायला लागली. तीन फोटोंत ती आहे. एकात डोळे मिटलेले आहेत.

आजवर चार पीस शिवून झाले. तिसऱ्याचा मुंढा काकूंकडून घट्ट झाला, तर ही स्वतःहून दुकानात गेली आणि "काकू, इथे चुकलं तुमचं" म्हणाली. काखेत चौकोनी तुकडा जोडून घेतला. हे ऐकून मला लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त आनंद झाला. पूर्वी तिने तोच कुर्ता मुकाट कपाटात टाकला असता आणि रात्रीचं जेवण सोडलं असतं.

जांभळं महेश्वरी मात्र अजून घडीतच आहे. "ते नको मॅडम. ते बारीक झाल्यावरच."

मी का म्हणून विचारलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते आणलं तेव्हा ह्यांनी दुकानदाराला माझं माप सांगितलं होतं. आमच्या लग्नातलं."

बुधवारी पुन्हा येणार आहे ती. या वेळी काकूंकडे जायचं नाही.