जेवलास का, चार भाषांत

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

तुझं स्कुओल गावाहून पाठवलेलं कार्ड काल आलं. कॅम्पमध्ये शिक्षकांनी विचारलं, स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा, मग भारतात किती? तू "दोन, मराठी आणि हिंदी" म्हणालास. रात्री आठवलं की सोलापूरची आजी शेजारच्या अक्कांशी बोलते ती या दोन्हींपैकी नाही. "आपण मराठी ना? मग आजी तसं का बोलते?"

अरे, ती तेलुगू. आजीला ती कुणी शिकवली नाही आणि तिला ती लिहिता-वाचता येतही नाही. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. तेव्हापासून तेलंगणातले विणकर येत गेले आणि शहराच्या पूर्व भागात राहिले. अक्कांचे आजोबा त्यांच्यातलेच. अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, कात्रीने तेंदूची पानं कापतात. आजी दुपारी भांडी आवरली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. चाळीस वर्षं रोज ओट्यावर बसल्यावर भाषा यायचीच. आजी त्यांना विचारते, "तिन्नावा अक्का?" भाजीवाल्या मावशी अक्कलकोटकडच्या, त्यांना "ऊटा आयता?" गादीवाल्या चाचांना "खाना हुआ क्या?" आणि आपल्याला फोनवर "जेवलात का रे?" प्रश्न एकच, समोरचा माणूस बदलला की भाषा बदलते. मधे थांबून विचार करताना मी तिला कधी पाहिलं नाही.

तुझ्या तिथल्या चार भाषांची तऱ्हा वेगळी. त्यांनी खोरी वाटून घेतली आहेत. तू बसमधून उतरलास आणि पाट्या रोमान्श, म्हणजे तिथल्या चौथ्या भाषेत, झाल्या. पण झुरिकमधले आपले शेजारी इटालियनचं अक्षर न येता सुखात राहतात. सोलापुरात पाटी मराठी असते आणि एका बोळात चार भाषा असतात.

आता शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा राहिल्या आणि त्यांची मोट बांधून १० हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा धरल्या गेल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत २२. तेव्हा २२ सांगितलंस तरी बरोबर, १२१ सांगितलंस तरी बरोबर. एकट्या मराठीचे बोलणारे ८ कोटी ३० लाख, म्हणजे अख्ख्या स्वित्झर्लंडच्या नऊ पट. हे मात्र जरूर सांग, त्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

मोट बांधताना गंमत होतेच. बाबांच्या धुळ्याच्या आजी अहिराणी बोलायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला "काय करी ऱ्हायनी?" विचारलं, तेव्हा मला वाटलं मराठीच आहे, मीच नीट ऐकलं नाही. जनगणनेत ती खानदेशी या नावाखाली मराठीहून वेगळी मोजतात. आजींना हे कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मोजा काय मोजायचं ते.

आणि "आपण मराठी ना?" याचं काय सांगू? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत तू पाळण्यात बसून रडलास, आठवतं? ती यात्रा ज्यांची, ते सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांनी वचनं, म्हणजे भक्तीच्या छोट्या रचना, रचल्या त्या कन्नडमध्ये. ते आमच्या शहराचं ग्रामदैवत. अण्णा, अक्का, आजीचा सुपारी कातरायचा अडकित्ता, हे शब्दही कानडीतूनच आपल्याकडे आले. आपण मराठीच आहोत रे, पण आपल्या मराठीत शेजारी पहिल्यापासून राहतात.

सगळं गोडच होतं असं मात्र समजू नकोस. भाषेवरून आपल्याकडे मोर्चे निघाले, माणसं मेली, राज्यांच्या हद्दी हलल्या. आणि घरातलं सांगायचं तर, मला तेलुगू समजते, बोलता येत नाही. लहानपणी अक्का तेलुगूत हाक मारायच्या, मी मराठीत ओ द्यायचे, त्यावर त्यांचं काही अडलं नाही आणि माझी जीभ वळायची राहिली. आता अक्कांचा नातूही त्यांना मराठीतच उत्तर देतो. त्याची शाळा इंग्रजी. अक्का मला म्हणाल्या, "हा तुझ्यासारखाच झाला." मी हसले, पण ते लागलं मला.

शनिवारी आजीचा फोन येईल. तू कुठल्या भाषेच्या गावात आहेस ते मी तिला सांगून ठेवलंय, तेव्हा "जेवलास का" याला तिथे काय म्हणतात हे ती विचारणारच. कॅम्पच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना विचार आणि उच्चार नीट ऐकून घे. कागदावर देवनागरीत लिहून आण, मला ते आजीला वाचून दाखवायला सोपं जाईल.

तुझी,
आई